जितेश घ्यावा की अथर्व?

२०२२ च्या आयपीएल लिलावात पंजाब किंग्जने वऱ्हाडातली दोन पोरं घेतली आणि दोघांना सारखाच भाव दिला: वीस लाख रुपये. त्या लिलावातली ती सगळ्यात खालची किंमत. एक अमरावतीचा जितेश शर्मा, दुसरा अकोल्याचा अथर्व तायडे. अमरावती ते अकोला अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. त्याच वर्षीच्या जूनमध्ये या दोन गावांमधल्या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तासांत टाकल्याचा विक्रमही झाला. रस्ता इतक्या घाईत होतो, खेळाडू होत नाही, एवढं या विक्रमाचं आपल्या विषयाशी नातं.

पावणेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जेद्दाह इथे पुन्हा मोठा लिलाव झाला. जितेश अकरा कोटींना बंगळुरूकडे गेला, अथर्व तीस लाखांना हैदराबादकडे. तेव्हापासून अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या मैदानापर्यंत एक वाद अधूनमधून रंगतो. अकोलेकर म्हणतो, ‘‘आमच्या पोट्ट्याले कोनं नीट पाह्यलंच नाई.’’ अमरावतीकर म्हणतो, ‘‘खेळून दाखवलं त्यानं, म्हनून भाव भेटला. तुमचा कायले नाई खेळला?’’ वाद गमतीचा आहे, पण त्यातला प्रश्न गमतीचा नाही. समोर दोन होतकरू खेळाडू आहेत, पैसा किंवा जागा एकासाठीच आहे, तर कोणाला घ्यावं? आणि ते ठरवायचं कशावरून?

कागदावर पाहिलं तर २०१८ साली हा प्रश्न कोणाला पडलाही नसता. अथर्व तेव्हा अठराचा. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला, त्याच्या अंतिम सामन्यात अथर्वने ३२० धावा काढल्या. मग भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाबरोबर श्रीलंकेत गेला आणि दोन युवा कसोटींत ११३ आणि १७७ केल्या. डावखुरा, सलामीला खेळणारा, लांब डाव उभारणारा. जितेश तेव्हा पंचविशीत पोहोचत होता. फौजेत जायचं मनात असलेला, खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी क्रिकेटकडे वळलेला मुलगा. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत ३४३ धावा काढल्या म्हणून मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाखांत घेतलं आणि दोन मोसम एकही सामना न खेळवता सोडलं. विदर्भाच्या रणजी संघातही त्याला फार सामने मिळाले नाहीत, कारण यष्टीमागे अक्षय वाडकर होता. २०१८ साली कोणत्याही शहाण्या माणसाने डोळे झाकून अथर्वकडे बोट दाखवलं असतं. मीसुद्धा.

हाच प्रश्न अमेरिकेत दर जूनमध्ये बास्केटबॉलच्या निमित्ताने अख्ख्या देशाला पडतो. तिथे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. महाविद्यालयातून किंवा परदेशातून आलेल्या नव्या खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. आदल्या मोसमात जे संघ खाली राहिले त्यांना चिठ्ठ्यांच्या सोडतीत जास्त वजन मिळतं, म्हणजे दुबळ्याला आधी निवडायची संधी. तरी सोडत ती सोडतच. २०२५ मध्ये डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता १.८ टक्के होती. तोच त्यांना मिळाला आणि त्यांनी कूपर फ्लॅगला उचललं. खेळाडूला संघ निवडता येत नाही आणि पहिला करार क्रमांकानुसार बांधलेला असतो. त्यामुळे तिथली चर्चा पैशांपेक्षा माणसाभोवती जास्त फिरते: उंची किती, हात किती लांब, उडी किती, वय किती, स्वभाव कसा.

बास्केटबॉल आपल्याला फार लांबचा वाटतो. पण १९३६ मध्ये बर्लिनला हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, त्याच ऑलिंपिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. बास्केटबॉलचा अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसाने चिखल झालेल्या जमिनीवर झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. चेंडू आपटून उसळेना, तिथे कौशल्य काय दाखवणार? त्या दिवशी खेळाडू पारखायला कोणी बसला असता, तर त्याने नक्कीच भलत्यांची नावं लिहिली असती.

तर ड्राफ्टच्या वादात दोन पक्ष पडलेले आहेत. एक म्हणतो, जो सगळ्यात सरस तो घ्या, जागेचं नंतर पाहू. दुसरा म्हणतो, आपल्याला ज्याची गरज आहे तो घ्या. पहिल्या पक्षाचं हुकमी पान म्हणजे १९८४ चा ड्राफ्ट. ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवानला घेतलं. दुसरा क्रमांक पोर्टलंडचा. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, हवा होता उंच मध्यखेळाडू. त्यांनी सॅम बोवीला घेतलं. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतलं. त्यानंतर चाळीस वर्षं ‘गरज पाहून घेऊ नका’ हे सांगायला पोर्टलंडचं नाव पुरतं.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. पोर्टलंडचा घोटाळा गरज पाहण्याचा नव्हता. त्यांनी गरजेचा अर्थ रिकामी खुर्ची असा घेतला. मध्यखेळाडूची जागा मोकळी आहे, तर तिथे उंच माणूस बसवा. त्या माणसाचं काय करायचं, तो कसा वाढेल, त्याचे पाय टिकतील का, हा पुढचा विचार पातळ राहिला. बोवीच्या नडगीच्या हाडाला ताणाने पडलेल्या भेगेपायी कॉलेजातले दोन मोसम वाया गेले होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरीकडे, जॉर्डन शिकागोत आला म्हणून शिकागो लगेच जिंकलं असंही नाही. पहिलं विजेतेपद १९९१ चं, निवडीनंतर सात वर्षांनी. मध्ये स्कॉटी पिपेन आला, फिल जॅक्सन प्रशिक्षक झाला, चेंडू एकट्याकडे कमी आणि पाचजणांत जास्त फिरू लागला. आपण १९८४ ची ती एक संध्याकाळ लक्षात ठेवतो आणि मधली सात वर्षं विसरतो.

माझं म्हणणं असं, की ‘दोघांत सरस कोण’ हा प्रश्न निवड करणाऱ्याला फार सोयीचा पडतो. त्याचं उत्तर खेळाडूच्या अंगात शोधता येतं आणि स्वतःकडे बघावं लागत नाही. खरा प्रश्न असा विचारायला हवा: हा पोरगा आपल्याकडे आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला काम काय देणार, शिकवणार कोण, आणि किती वर्षं थांबणार? ज्या संघाकडे या तिन्हीचं उत्तर नाही, त्याने कितीही गुणी पोरगा उचलला तरी तो बाकावरच बसणार. कापसाच्या बाजारात जुना व्यापारी गाडीच्या पोटातून मूठभर कापूस काढतो, दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी बघतो. पण भाव बोलताना त्याच्या डोक्यात आधी गिरणी असते. कोणाला विकायचा हे ठाऊक नसलेला व्यापारी नुसता लांब धागा बघून काय करणार?

जितेशची कहाणी या नजरेने वाचा. मुंबईकडे २०१६ मध्ये तोच पोरगा होता, तेच हात होते. पण यष्टीमागे पार्थिव पटेल आणि जॉस बटलर होते, आणि जितेश तेव्हा सलामीला खेळणारा. त्याच्यासाठी काम नव्हतं. पंजाबला २०२२ मध्ये काम सापडलं: डावाच्या शेवटच्या षटकांत येऊन पहिल्या चेंडूपासून मारणारा यष्टिरक्षक. त्या मोसमात त्याने २३४ धावा १६३ च्या वेगाने केल्या, पुढच्या वर्षी ३०९. आणि गंमत बघा, अकरा कोटींचा भाव मिळाला तो त्यानंतरच्या सगळ्यात पडत्या मोसमावर. २०२४ मध्ये चौदा सामन्यांत फक्त १८७ धावा होत्या. आकडे पाहून बोली लागली असती तर ती खाली यायला हवी होती. सात कोटींवर बोली थांबली, पंजाबने त्याला परत घ्यायचा हक्क वापरला, बंगळुरूने तिथून एकदम अकरा कोटींवर उडी मारली आणि पंजाबने हात आखडला.

बंगळुरूने ही उडी का मारली? त्यांच्याकडे शेवटच्या षटकांत खेळणारा दिनेश कार्तिक नुकताच निवृत्त झाला होता, आणि त्यालाच त्यांनी फलंदाजीचा प्रशिक्षक नि मार्गदर्शक म्हणून ठेवून घेतलं होतं. म्हणजे मोकळी झालेली जागा, त्या जागेचं काम आणि ते काम स्वतः केलेला शिक्षक, तिन्ही एकाच ड्रेसिंग रूममध्ये. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ धावांचा पाठलाग होता आणि नियमित कप्तान रजत पाटीदार त्या दिवशी नेतृत्व करत नव्हता, म्हणून कप्तानीही जितेशकडे होती. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या आणि सामना आठ चेंडू राखून संपवला. आठवड्याभरात अहमदाबादला अंतिम सामन्यात १० चेंडूंत २४. बंगळुरू सहा धावांनी जिंकलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा. सहा धावांच्या फरकात त्या चोवीस कुठे बसतात, ज्याचा त्याने हिशेब करावा.

आता दुसरा प्रसंग, ज्याबद्दल अकोल्यात अजूनही चिडून बोललं जातं. १७ मे २०२३, धरमशाला. दिल्लीने २१३ केल्या होत्या. पंजाबकडून अथर्व खेळत होता, दुसऱ्या टोकाला लियाम लिव्हिंगस्टन. पंधरावं षटक संपलं तेव्हा अथर्वच्या ४२ चेंडूंत ५५ धावा झालेल्या. तो बाद झाला नव्हता, जखमी नव्हता. संघाने त्याला परत बोलावलं. नियमाच्या भाषेत ‘रिटायर्ड आउट’: स्वतःहून विकेट देऊन बाहेर यायचं. त्याच्या जागी खेळायला आत आला तो अमरावतीचा जितेश. तीन-चार चेंडूंत तो शून्यावर गेला. लिव्हिंगस्टनने ९४ पर्यंत झुंज दिली, पंजाब पंधरा धावांनी हरलं.

या एका क्षणात सगळा वाद मावतो. बोलावणाऱ्याचा हिशेब वेडेपणाचा नव्हता. वेग वाढवायचा होता आणि वेगाचं काम जितेशचं होतं. फसलं, ते कोणाचंही फसू शकतं. पण अथर्वच्या बाजूने बघा. तेविसाव्या वर्षी, मोठ्या मंचावर, अर्धशतक झाल्यावर आपला संघच आपल्याला सांगतो की तुझं काम संपलं. खरं तर त्याचं काम तिथे कधी ठरलंच नव्हतं. लांब डाव उभारणारा सलामीवीर घ्यायचा, त्याच्याकडून चाळीस चेंडूंत ऐंशीची अपेक्षा ठेवायची, आणि तो स्वतःच्या चालीने खेळला की मागे ओढायचं. हैदराबादने तरी वेगळं काय केलं? त्यांच्या सलामीला ट्रॅव्हिस हेड आणि अभिषेक शर्मा, तिसऱ्या क्रमांकाला ईशान किशन. तीस लाखांत एक डावखुरा सलामीवीर घेऊन ठेवला, असावा म्हणून. मग २०२५ च्या ऑक्टोबरात इराणी करंडकात याच अथर्वने शेष भारताविरुद्ध पहिल्या डावात १४३ काढल्या, विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीरही तोच. खेळाडू बदलला नव्हता, फक्त त्याच्या चालीचं काम इथे होतं.

कोणी म्हणेल, जितेशचं उदाहरण सोयीचं आहे. जिंकलेल्याच्या मागून सगळेच शहाणे होतात. बरोबर आहे. म्हणून त्याचीच पुढची गोष्ट सांगतो, जी तितकी सोयीची नाही. २०२५ च्या शेवटी भारताच्या टी-ट्वेंटी संघात सलामीला शुभमन गिल होता, त्यामुळे यष्टिरक्षक खाली खेळणारा हवा होता आणि ऑस्ट्रेलियात संजू सॅमसनच्या जागी जितेश खेळला. डिसेंबरमध्ये विश्वचषकाचा संघ निवडताना गिललाच वगळलं, सॅमसन सलामीला गेला, सोबतीला ईशान किशन आला आणि जितेशला जागा उरली नाही. त्याच्या खेळात या काही आठवड्यांत असं काय बिघडलं? काहीच नाही. दुसऱ्याच्या जागेचा निर्णय झाला आणि याचं काम नाहीसं झालं. म्हणजे काम देणारा संघ खेळाडू घडवतो हे जितकं खरं, तितकंच हेही, की एकाच कामात बसवलेला खेळाडू ते काम संपताच उघडा पडतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. पण बत्तिसाव्या वर्षी वगळलेल्या जितेशकडे दाखवायला एक कमावलेलं काम आहे, आणि ते त्याला अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कोणी दिलंच नव्हतं, हे मला जास्त खुपतं.

निवडीत दोन तऱ्हेच्या चुका होतात. एक, नको तो घेतला. ही चूक गावभर दिसते, घेणाऱ्याचं नाव खराब होतं, वर्षानुवर्षं हसू होतं. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिचला घेतलं आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड मागच्यांना मिळाले. त्या निवडीवर अजून विनोद चालतात. दुसरी चूक, हवा तो सोडला. निकोला योकिचला २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर डेन्व्हरने घेतलं, म्हणजे त्याआधी चाळीस वेळा त्याचं नाव टाळलं गेलं, खुद्द डेन्व्हरकडूनही. पुढे तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला म्हणून ही चूक निदान कळली. जो कधीच घेतला गेला नाही, त्याला सोडण्याची चूक कोणाला कळते? आणि जी चूक दिसत नाही तिची शिक्षा नसते. म्हणून निवड करणारा माणूस, तो कितीही प्रामाणिक असो, दिसणारी चूक टाळायला शिकतो. धिप्पाड घ्या, मोठ्या अकादमीतला घ्या, आधीच नाव झालेला घ्या. मग तो नाही चालला तरी कोणी विचारत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका लहान गावातल्या आणि उशिरा भरणाऱ्या पोरांना बसतो. चौदा वर्षांखालच्या चाचणीत ज्याला मिसरूड फुटलंय तोच वेगवान गोलंदाज वाटतो. खोट्या वयाचा बंदोबस्त म्हणून क्रिकेट मंडळ मनगटाच्या हाडाची तपासणी करतं, ते ठीक. पण खरं चौदाचं असलेलं पोरगंही शरीराने बाराचं किंवा सोळाचं असू शकतं. सरकारी क्रीडा प्रबोधिनीत मुलं घेताना उंची, वजन, तीस मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, आठशे मीटर अशा चाचण्या घेतात. अकोल्यात अशीच मुष्टियुद्धाची प्रबोधिनी आहे. मोजमाप असावं, नाहीतर वशिला घुसतो. पण मोजपट्टी आजचं शरीर मोजते. १९७८ मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलने दहावीतल्या मायकेल जॉर्डनला मुख्य संघात घेतलं नाही. त्याच्या बरोबरीचा लेरॉय स्मिथ सहा फूट सात इंच होता, संघाला उंची हवी होती, तो गेला. जॉर्डन तेव्हा पाच फूट दहा. त्याला दुय्यम संघात ठेवलं, तिथे तो वर्षभर सगळा वेळ खेळला आणि वाढला. या गोष्टीतला बोध लोक जिद्दीचा काढतात. मला त्यात दुय्यम संघ दिसतो. वगळलेल्या पोराला खेळायला जागा होती.

दर्यापूरच्या, अकोटच्या, अचलपूरच्या पोराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. पहाटेची एसटी, पाठीवर किट, सोबत बापाची एका दिवसाची मजुरी बुडालेली. मैदानावर शे-दीडशे पोरं, छातीवर पिनेने टोचलेला नंबर. नेटमध्ये फलंदाजाला दहा-बारा चेंडू, गोलंदाजाला दोन षटकं. तेवढ्यात निवडणाऱ्याने त्याची मान सरळ राहते का, चेंडू उशिरा खेळतो का, एवढं पाहायचं. चांगली नजर असलेली माणसं यातही हिरा ओळखतात, नाही असं नाही. पण दहा चेंडूंत दिसतो तो तयार खेळाडू. होतकरू दिसायला वर्ष लागतं.

आणि विदर्भाने हे करून दाखवलेलं आहे, म्हणून त्रागा करण्याची गरज नाही. नागपूरची निवासी अकादमी २००९ च्या सुमाराची. पहिला रणजी करंडक २०१७-१८ चा, चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली. त्या अंतिम सामन्यात, इंदूरला दिल्लीविरुद्ध, अकोल्याच्या आदित्य ठाकरेला प्रथम श्रेणीतलं पदार्पण दिलं. एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज, करंडकाचा सामना, उमेश यादव भारतीय संघाबरोबर बाहेर. कोणाही भित्र्या निवड समितीने जुनाजाणता शोधला असता. पण आदित्यचं काम ठरलं होतं: नवा चेंडू टप्प्यावर ठेवायचा, बाकी रजनीश गुरबाणी बघेल. गुरबाणीने हॅट्ट्रिकसह सहा बळी घेतले, आदित्यने आपला वाटा उचलला, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. ही करामत एखादा हिरा हेरल्याची नाही. पोरांना चार-पाच वर्षं एकाच पद्धतीने खेळवत ठेवल्याची आहे.

म्हणून जितेश की अथर्व या प्रश्नाला माझं उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे, आणि हे टाळाटाळीचं उत्तर नाही. पाच दिवसांच्या सामन्यासाठी विचाराल तर अथर्व, आणि त्यात मी दुसऱ्यांदा विचार करणार नाही. शेवटच्या पाच षटकांसाठी जितेश. ‘सगळ्यात गुणी कोण ते सांगा, मग आम्ही बघू’ असं कोणी म्हणालं, तर त्या संघाला दोघांपैकी एकही देऊ नये.

जिल्ह्याच्या पातळीवर यातून दोन साध्या गोष्टी करता येतील. निवडलेल्या प्रत्येक पोराच्या नावापुढे त्याला पुढच्या वर्षी कोणतं काम देणार, एवढं एका ओळीत लिहून यादी लावावी. ओळ सुचली नाही तर ते नाव कशासाठी घेतलं हे समितीने आपसात ठरवावं. आणि गळालेल्यांपैकी पहिल्या वीस-पंचवीस जणांचा दुय्यम संघ करून त्यांना मोसमभर सामने द्यावेत, दोन वर्षांनी पुन्हा बोलवावं. खर्चाचा मुद्दा निघेल. मैदान आहे, पंच गावातलेच मिळतात, चेंडूंचे पैसे कोणत्याही सणाच्या मंडळाच्या वर्गणीत निघतात. अडचण खर्चाची नाही. त्या दुय्यम संघातला एखादा पोरगा दोन वर्षांनी पहिल्या यादीतल्यांना मागे टाकेल आणि यादी करणाऱ्याची न दिसणारी चूक सगळ्या गावाला दिसेल, अडचण तिथे आहे.